विश्लेषण : नाव झाकून वक्ते निवडले तरी वाद का होतात? प्रोग्रॅमिंग परिषदांमधील निवड नेमकी कशी चालते?

प्रोग्रॅमिंग परिषदेतील अर्ध्या तासाच्या एका सत्रामुळे तरुण अभियंत्याला ओळख, नोकरी आणि कधी कधी परदेशाची वाट मिळते. ती जागा कोणाला द्यायची, हे स्वयंसेवकांची छोटी समिती ठरवते. प्रस्तावावरचे नाव झाकले की निवड निष्पक्ष होते, अशी अनेक वर्षे समजूत होती. प्रत्यक्षात काय घडले?

प्रकरण काय?

‘पायथॉन’ या संगणकभाषेचा कारभार पाहणाऱ्या अमेरिकेतील ‘पायथॉन सॉफ्टवेअर फाउंडेशन’ या ना-नफा संस्थेने ऑक्टोबर २०२५ मध्ये १५ लाख डॉलरच्या सरकारी अनुदानावर पाणी सोडले. नॅशनल सायन्स फाउंडेशनकडून मिळू शकणारा हा पैसा पायथॉनच्या पॅकेज भांडाराची सुरक्षा वाढवण्यासाठी होता. मात्र विविधता, समता आणि समावेशनाला चालना देणारे उपक्रम राबवणार नाही, असे लिहून देण्याची अट त्यासोबत होती. ही अट केवळ अनुदानातून होणाऱ्या कामाला नव्हे, तर संपूर्ण कारभाराला लागू होते, असे संस्थेने सांगितले. वार्षिक खर्च जेमतेम ५० लाख डॉलरच्या आसपास असणाऱ्या संस्थेसाठी ही रक्कम मोठी होती.

या निर्णयाचा वक्ते निवडण्याशी वरकरणी संबंध दिसत नाही. पण हीच संस्था ‘पायकॉन यूएस’ ही जगातील प्रमुख पायथॉन परिषद भरवते. परिषदेच्या मंचावर कोण उभे राहते, हा प्रश्न तिथे दीड दशकापासून चर्चेत आहे. ज्या उपक्रमांवर आता सरकारी अटीची टांगती तलवार आली, त्यांचा सर्वांत ठळक परिणाम दिसला तो याच मंचावर.

निवडीची प्रक्रिया कशी असते?

परिषदेच्या काही महिने आधी आयोजक प्रस्ताव मागवतात. याला ‘कॉल फॉर प्रपोजल्स’ किंवा थोडक्यात ‘सीएफपी’ म्हणतात. इच्छुकाने सत्राचे शीर्षक, गोषवारा, वेळेची आखणी आणि श्रोत्यांना काय मिळेल हे लिहून पाठवायचे. परीक्षक गुण देतात, समिती बसते आणि यादी लागते. बीजभाषणाचे वक्ते मात्र बहुतेक ठिकाणी थेट निमंत्रणाने ठरतात.

कागदावर हे सोपे वाटते. एका परिषदेला ३०० प्रस्ताव आले, प्रत्येक प्रस्ताव तिघांनी वाचायचा आणि एका वाचनाला १० मिनिटे लागतात असे धरू. एकूण १५० तासांचे काम झाले. ते करणारे लोक दिवसा नोकरी करतात आणि रात्री जेवण झाल्यावर लॅपटॉप उघडतात. विसाव्या प्रस्तावाला जेवढे लक्ष मिळते, तेवढे दोनशेव्याला मिळत नाही.

दुसरा घोळ सरासरीचा. एका प्रस्तावाला तिन्ही परीक्षकांनी पाचपैकी ३ गुण दिले. दुसऱ्याला एकाने ५, एकाने ३ आणि एकाने १ दिला. दोघांची सरासरी ३ च येते. पहिले सत्र कोणालाच फारसे आवडलेले नाही, दुसरे एखाद्याने आयुष्यभर लक्षात ठेवावे असे असू शकते. केवळ सरासरी लावून यादी कापली, तर परिषद निरुपद्रवी सत्रांनी भरते. म्हणून अनुभवी समित्या गुणांमधील मतभेदही पाहतात. पायकॉन यूएसने यासाठी दोन फेऱ्यांची पद्धत वापरली. पहिल्या फेरीत लेखकाचे नाव न दाखवता प्रत्येक प्रस्तावाचे परीक्षण होते. दुसऱ्या फेरीत एकसारख्या विषयांवरचे प्रस्ताव एका गटात ठेवून त्यांची आपसांत तुलना होते. टेस्टिंगवर दहा चांगले प्रस्ताव आले, तरी दहाही घेता येत नाहीत.

नाव कशासाठी झाकायचे?

दहावी-बारावीच्या उत्तरपत्रिकेवर विद्यार्थ्याचे नाव नसते, बैठक क्रमांक असतो. कारण तेच. परीक्षकाला नाव, कंपनी, महाविद्यालय किंवा देश दिसला की मत नकळत झुकते. मोठ्या कंपनीतील प्रसिद्ध व्यक्तीचा दोन ओळींचा आळशी गोषवारा ‘ते बोलतील ते चांगलेच असेल’ म्हणून पुढे सरकतो. अनोळखी व्यक्तीने मेहनतीने लिहिलेले दोन परिच्छेद मागे पडतात. नाव झाकल्यावर पहिल्यांदा फटका बसतो तो अशा नावाजलेल्या वक्त्यांना, आणि ते योग्यच आहे.

नोव्हेंबर २०१२ मध्ये ब्रिटनमधील ‘ब्रिटरूबी’ या परिषदेचे प्रकरण गाजले. मँचेस्टरमध्ये २०१३ साली होऊ घातलेल्या या परिषदेच्या जाहीर झालेल्या यादीतील सर्व वक्ते गोरे पुरुष होते. त्यावरून टीका झाली, प्रायोजकांबाबत अनिश्चितता निर्माण झाली आणि आयोजकांनी परिषदच रद्द केली. त्याच वर्षी बर्लिनमधील ‘जेएसकॉन्फ ईयू’च्या आयोजकांनी वक्त्यांमध्ये महिलांचे प्रमाण २५ टक्क्यांवर नेले आणि ते कसे साधले, हे जाहीरपणे लिहिले. नावे झाकून मतदान हा त्यांच्या कृतीचा एक भाग होता. इतर अनेक परिषदांनी तेवढाच भाग उचलला. दुसरा भाग कष्टाचा होता, तो मागे राहिला.

मग गिटहबच्या परिषदेचे काय झाले?

२०१७ मध्ये ‘गिटहब’ या कंपनीने ‘इलेक्ट्रॉनकॉन्फ’ ही परिषद ठरवली होती. निवड नावे झाकूनच केली. यादी उघडल्यावर सगळे वक्ते पुरुष निघाले. गिटहबने परिषद पुढे ढकलली. त्यावर दोन्ही बाजूंनी टीका झाली. काहींच्या मते ‘निष्पक्ष पद्धतीचा निकाल आवडला नाही म्हणून निकालच फेटाळला’, तर काहींच्या मते अशी यादी लागेपर्यंत आयोजक झोपले होते.

हा निकाल लागण्यासाठी परीक्षकांच्या मनात कोणताही पूर्वग्रह असण्याची गरज नाही, हे शाळेतील संभाव्यतेच्या गणिताने दाखवता येते. समजा १०० प्रस्ताव आले, त्यातील १० महिलांचे आहेत, जागा २० आहेत आणि सगळ्यांचा दर्जा अगदी सारखा आहे. पूर्ण निष्पक्ष निवडीत सरासरी दोन महिला निवडल्या जातील. पण एकही महिला न निवडली जाण्याची शक्यता सुमारे साडेनऊ टक्के, म्हणजे दहा परिषदांपैकी जवळपास एकीत अशी यादी लागणारच. आता महिलांचे प्रस्ताव १० ऐवजी ३० आहेत असे धरा. तीच शक्यता इतकी घटते, की हजारो परिषदांमध्ये एखाद वेळी असे घडेल. परीक्षक तेच, नावे झाकण्याची पद्धत तीच, फक्त आलेले प्रस्ताव बदलले.

नाव झाकल्याने परीक्षकाचा पूर्वग्रह थांबतो. प्रस्तावच न पाठवणाऱ्या व्यक्तीसाठी त्याचा काहीही उपयोग नाही.

दोन वर्षांनी जर्मनीतील ड्रेस्डेन येथे होणाऱ्या ‘पीएचपी सेंट्रल युरोप’ या परिषदेतही तेच घडले. यादीत सर्व पुरुष होते, निवड झालेल्या काही वक्त्यांनी स्वतःहून माघार घेतली आणि २०१९ ची परिषद रद्द झाली.

याच दबावातून एक विचित्र पळवाटही निघाली. नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘डेव्हटर्निटी’ या ऑनलाइन परिषदेच्या संकेतस्थळावरील काही महिला वक्ते अस्तित्वातच नसल्याचे उघड झाले. ती समुदायाची नव्हे, व्यावसायिक परिषद होती. नामवंत वक्त्यांनी अंग काढून घेतले आणि परिषद रद्द झाली. खऱ्या महिला अभियंत्यांना ईमेल पाठवण्यापेक्षा खोट्या तयार करणे कोणाला सोपे वाटावे, हेच मुळात थक्क करणारे आहे.

१ टक्क्यावरून ४० टक्के कसे झाले?

पायकॉन यूएसमध्ये २०११ साली महिलांनी दिलेल्या सत्रांचे प्रमाण १ टक्का होते. २०१२ मध्ये ते ७, २०१३ मध्ये १५, तर २०१४ आणि २०१५ मध्ये ३३ टक्के झाले. २०१६ मध्ये ते ४० टक्क्यांवर पोहोचले. परिषदेच्या विविधता विभागाची जबाबदारी असलेल्या जेसिका मॅकेलर यांनी हे आकडे जाहीर केले होते. राखीव जागा ठेवल्या नव्हत्या. पहिल्या फेरीत नावेही दिसत नव्हती.

बदल झाला तो सीएफपी बंद होण्याच्या आधीच्या आठवड्यांत. आयोजकांनी एकेका महिलेला व्यक्तिशः संपर्क साधला. ‘महिलांनीही अर्ज करावेत’ असे जाहीर आवाहन आणि ‘तुम्ही अमुक लायब्ररीवर केलेले काम पाहिले, त्यावर प्रस्ताव पाठवा, मसुदा आम्ही वाचून देतो’ असे नावानिशी आलेले पत्र, यात फार मोठा फरक आहे. जेएसकॉन्फ ईयूच्या आयोजकांनीही हेच केले होते. हा त्यांच्या कृतीतील मागे राहिलेला दुसरा भाग.

त्यात एक बारकी गोष्ट आहे. व्यक्तिशः विचारलेल्या प्रत्येकाची निवड होत नाही. ज्याला आग्रहाने प्रस्ताव पाठवायला लावला, त्यालाच महिनाभराने नकार कळवावा लागतो. हा नकार कसा लिहायचा, यावर ती व्यक्ती पुढच्या वर्षी परत येईल की नाही, हे ठरते. ‘यंदा प्रस्ताव खूप आले’ एवढ्यावर बोळवण झाली, तर ती बहुधा येत नाही. गोषवारा धूसर होता, की त्याच विषयावर दुसरे सत्र निवडले गेले, एवढे एक वाक्य पुरते. पण ३०० प्रस्तावांमागे २५० नकार असतील, तर ती २५० वाक्ये लिहायला पुन्हा स्वयंसेवकच लागतात. बहुतेक परिषदांचा उत्साह नेमका इथे संपतो.

वक्त्याची मते पाहायची की फक्त सत्राचा विषय?

नाव झाकण्याचा आणखी एक परिणाम कोणी गृहीत धरला नव्हता. कर्टिस यार्विन हे अमेरिकी प्रोग्रॅमर टोपणनावाने केलेल्या लोकशाहीविरोधी राजकीय लिखाणासाठी ओळखले जातात. २०१५ मध्ये सेंट लुइस येथील ‘स्ट्रेंज लूप’ परिषदेने त्यांचे तांत्रिक सत्र स्वीकारले आणि वाद होताच निमंत्रण मागे घेतले. २०१६ मध्ये कोलोरॅडोतील ‘लॅम्डाकॉन्फ’ने त्यांचा प्रस्ताव नाव न पाहता निवडला. नाव कळल्यावर समितीने पुन्हा विचार केला आणि निवड कायम ठेवली. काही प्रायोजक आणि काही वक्ते बाहेर पडले. ‘सत्र संगणकाविषयी आहे, राजकारणाविषयी नाही’ ही आयोजकांची बाजू होती. ‘ज्या सभागृहात आपल्याला कमी लेखणारा माणूस सन्मानाने बसतो, तिथे आम्ही कसे बसावे’ ही विरोधकांची.

मराठी वाचकाला हा पेच नवा नाही. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या उद्घाटनासाठी नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण मागे घेण्यात आले आणि अनेक लेखकांनी संमेलनाकडे पाठ फिरवली. दोन्ही प्रकरणांचे राजकारण अगदी उलट्या टोकाचे आहे. मात्र आयोजकांची अडचण एकच दिसते. न बोलावलेल्या व्यक्तीविषयी कोणी स्पष्टीकरण मागत नाही. बोलावून नको म्हटले, की ती बातमी होते.

हीच चूक २०२३ मध्ये ‘रस्ट’ या भाषेच्या समुदायाने केली. ‘रस्टकॉन्फ’मध्ये जाँहेड मेनीड यांना बीजभाषणासाठी निमंत्रण गेले. त्यांनी होकार दिला. नंतर त्यांचे भाषण साध्या सत्राच्या दर्जावर आणण्याचा निर्णय कळवण्यात आला. त्यांचे काम प्रायोगिक होते आणि बीजभाषणामुळे ती भाषेची अधिकृत दिशा वाटेल, अशी प्रकल्पाच्या हंगामी नेतृत्वातील काहींची शंका होती. शंका तांत्रिकदृष्ट्या चुकीचीच होती, असे नाही. पण ती कोणी, कुठे आणि कोणत्या अधिकारात मांडली, हे वक्त्याला सांगता आले नाही. मेनीड यांनी माघार घेतली, प्रकल्पातील इतरांनी नाराजी व्यक्त केली आणि नेतृत्वाला माफी मागावी लागली. जून २०२३ मध्ये रस्ट प्रकल्पाने नवी ‘लीडरशिप कौन्सिल’ जाहीर केली. या रचनेवर आधीपासून काम सुरू होते, पण तिची गरज का आहे, हे एका भाषणाच्या घोळाने सगळ्यांना दिसले.

भारतात काय पद्धत आहे?

‘पायकॉन इंडिया’ची सुरुवात २००९ मध्ये बेंगळूरुत झाली आणि २०११ ची परिषद पुण्यात भरली. ‘रूबीकॉन्फ इंडिया’ पुण्यात आणि गोव्यातही झाली आहे. भारतीय समुदायाने अनेक वर्षे अमेरिकेच्या उलट वाट धरली. पायकॉन इंडियासाठी समुदायाने ‘जंक्शन’ नावाचे स्वतःचे सॉफ्टवेअर तयार केले. त्यावर प्रस्ताव नावासह सर्वांना दिसत आणि कोणीही मत देऊ शकत असे, प्रतिक्रिया लिहू शकत असे. बेंगळूरुच्या ‘हॅसगीक’नेही प्रस्ताव खुले ठेवण्याचीच पद्धत रूढ केली. लोकांची मते हा एक घटक, अंतिम निवड परीक्षकांची, असे त्याचे स्वरूप.

या खुलेपणाचा मोठा फायदा शिकणाऱ्याला होतो. प्रस्ताव कसा लिहायचा हे अमरावतीच्या विद्यार्थ्याला कोणी शिकवत नाही. इतरांचे शेकडो प्रस्ताव आणि त्यावरील परीक्षकांचे प्रश्न वाचून तो ते शिकू शकतो. तोटाही उघड आहे. ज्याच्या महाविद्यालयाचे किंवा कंपनीचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप मोठे, त्याची मते जास्त. आणि अनोळखी माणसाला चारचौघांत प्रस्ताव मांडून चारचौघांत नकार घेण्याची धास्ती वाटते.

मात्र खुली असो की झाकलेली, दोन्ही पद्धतींना एक गोष्ट लपवता येत नाही. ती म्हणजे इंग्रजी. मराठी माध्यमातून शिकून पुढे आलेल्या अभियंत्याने एखादी उत्तम गोष्ट बांधली असेल, पण तीनशे शब्दांच्या गोषवाऱ्यात ती मांडताना वाक्य अडखळते. परीक्षक नाव वाचत नाही, पण वाक्य वाचतो. नाव झाकल्यावर निर्णयासाठी उरतो तो फक्त मजकूर. त्यामुळे लिहिण्याच्या सफाईचे वजन उलट वाढते. पुणे-बेंगळूरुच्या मोठ्या कंपनीत वरिष्ठ सहकारी मसुदा तपासून देतात. सोलापुरात एकट्याने काम करणाऱ्याला ते कोण देणार?

एआयमुळे काय बदलले?

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यानंतर ही भाषेची अडचण एका अर्थाने सुटली. मराठीत किंवा मोडक्या इंग्रजीत मुद्दे द्यायचे, नीटनेटका गोषवारा हातात येतो. पण हीच सोय ज्याच्याकडे सांगण्यासारखे काही नाही त्यालाही मिळाली. दहा परिषदांना दहा प्रस्ताव पाठवायला एक संध्याकाळ पुरते. त्यामुळे परीक्षकांसमोर गुळगुळीत, एकाच साच्यातल्या गोषवाऱ्यांचा ढीग येतो आणि मजकुरावरून माणूस ओळखणे कठीण होते.

यावर काही समित्यांचा कल पुन्हा जुन्या सवयीकडे झुकण्याचा धोका आहे. मजकुरावर भरवसा नाही, म्हणजे नाव पाहा, आधीचे व्हिडीओ पाहा, किती फॉलोअर आहेत ते पाहा. असे झाले तर पहिल्यांदा बोलणाऱ्याचे दार पुन्हा बंद होते. दुसरा मार्ग वेळखाऊ असला तरी अधिक न्याय्य आहे. प्रस्तावकाला त्याच्या कामाविषयी दोन नेमके प्रश्न विचारायचे. कुठे चुकले, कोणता आकडा अपेक्षेपेक्षा वेगळा आला, कोणता पर्याय टाकून दिला आणि का. ज्याने रात्र जागून सर्व्हर सावरला आहे, तो याचे उत्तर कच्च्या इंग्रजीतही देतो. दोन मिनिटांचा मोबाइलवर काढलेला व्हिडीओ मागवणे हाही एक पर्याय, पण त्यात चेहरा आणि उच्चार उघड होतात आणि झाकण्याचा हेतूच संपतो.

निवड झाली, पुढे काय?

निवडपत्र आले तरी मंच अजून लांब असतो. समुदायाच्या बहुतेक परिषदा वक्त्याला मानधन देत नाहीत. पायकॉन यूएसमध्ये तर वक्ते आणि आयोजकांसह सर्वांनी तिकीट काढायचे, हे वर्षानुवर्षांचे धोरण आहे. ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी आर्थिक मदतीची योजना असते, पण तिच्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. तो कंपनीच्या खर्चाने येणाऱ्याला करावा लागत नाही.

भारतीय वक्त्यासाठी व्हिसा हा त्याहून मोठा अडथळा. पायकॉन यूएसच्या अलीकडच्या वर्षांत प्रस्तावांची मुदत डिसेंबरमध्ये संपते, निकाल फेब्रुवारीच्या सुमारास लागतो आणि परिषद मे महिन्यात असते. म्हणजे निकालापासून विमानापर्यंत जेमतेम तीन महिने. २०२२ च्या अखेरीस मुंबईसह काही भारतीय शहरांत अमेरिकेच्या पर्यटन-व्यवसाय व्हिसाच्या मुलाखतीची प्रतीक्षा वर्षापेक्षा लांबली होती. अशा वेळी पहिल्यांदा अर्ज करणारा कितीही चांगला प्रस्ताव लिहून निवडला गेला, तरी त्याची जागा शेवटच्या आठवड्यात प्रतीक्षा यादीतील दुसऱ्याकडे जाते. तो दुसरा बहुधा अमेरिकेतच राहणारा असतो, कारण आठवडाभराच्या सूचनेवर पोहोचणे त्यालाच शक्य असते.